४०० पेक्षा ३४५ जास्त कसे?

विचारलेले प्रश्न दोन आहेत, पण मूळ एकच. पहिला: गॅसवर चालणाऱ्या एअरसॉफ्ट रायफलच्या (खेळातली, बीबी म्हणजे बारीक गोल गोळ्या मारणारी बंदूक) खोक्यावर ४०० एफपीएस (फूट प्रति सेकंद) लिहिलंय आणि ९ मिमी पिस्तुलाची गोळी साधारण १,१५० एफपीएसने सुटते, तर एअरसॉफ्टची ताकद पिस्तुलाच्या एक तृतीयांश समजायची का? दुसरा: मैदानावर ०.३० ग्रॅमच्या बीबी भरून क्रोनो केला, म्हणजे क्रोनोग्राफ या यंत्राने वेग मोजला, तेव्हा आकडा ४०० वरून ३४५ वर उतरला, म्हणजे बंदूक उलट मवाळ झाली. तरी मार्शलने, म्हणजे मैदानावरच्या पंचाने, दीड ज्यूलच्या ऊर्जा-मर्यादेवर बोट ठेवून ती बाद केली. त्याचं बरोबर की चूक?

मार्शलचं बरोबर आहे. आणि एक तृतीयांश तर सोडाच, तुमची गन पिस्तुलाच्या तीनशेव्या हिश्श्याइतकीही नाही. दोन्ही उत्तरं एकाच ठिकाणी दडलेली आहेत: वेग सांगितला, पण तो कशाचा वेग ते सांगितलं नाही.

मझल व्हेलॉसिटी म्हणजे गोळी, पेलेट किंवा बीबी बॅरलच्या तोंडातून बाहेर पडते त्या क्षणीचा तिचा वेग. एवढीच व्याख्या. तो एफपीएसमध्ये मोजा किंवा मीटर प्रति सेकंदात. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, त्यामुळे एफपीएसला ३.२८ ने भागलं की मीटर मिळतात. वेगावरून ऊर्जा काढायची तर वस्तुमान लागतंच. ग्रॅममधलं वजन गुणिले मीटर प्रति सेकंदातल्या वेगाचा वर्ग, भागिले २,००० म्हणजे ज्यूल. वेग थेट एफपीएसमध्येच टाकायचा असेल तर २,००० च्या जागी २१,५२८ घ्या. मी हा दुसरा आकडा क्रोनोग्राफच्या डब्याच्या झाकणावर आतून मार्करने लिहून ठेवलाय, कारण ऐन वेळी तो कधीच आठवत नाही.

आता तुमचे आकडे त्यात घाला. एअरसॉफ्टच्या खोक्यावरचा एफपीएस जवळजवळ नेहमी ०.२० ग्रॅमच्या बीबीचा असतो, कुठे बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही सापडतं. ०.२० ग्रॅम आणि ४०० एफपीएस म्हणजे १.४९ ज्यूल. ९ मिमीची आठ ग्रॅमची गोळी ३५० मीटर प्रति सेकंदाने सुटली तर ४९० ज्यूल. वेग तिप्पटही नाही, ऊर्जा सुमारे ३३० पट. गोळी बीबीपेक्षा चाळीस पट जड, आणि वेगाचा वर्ग होतो म्हणून उरलेले आठ-नऊ पट तिथून. अंदाज यावा म्हणून आणखी काही: ऑलिंपिकमधली १० मीटर एअर रायफल अर्ध्या ग्रॅमचं पेलेट १७० च्या आसपास मीटर प्रति सेकंदाने सोडते, ऊर्जा साडेसात ज्यूलच्या घरात. पॉइंट टू टू (०.२२ इंची) रायफलमधली ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची गोळी सुमारे ३२५ मीटर प्रति सेकंद, १३५ ते १४० ज्यूल. एके-४७ ची आठ ग्रॅमची गोळी ७१५ मीटर प्रति सेकंद, दोन हजार ज्यूलच्या वर. ५.५६ नाटो राउंडची गोळी तिच्या निम्म्या वजनाची, अवघी चार ग्रॅमची, पण ती ९०० च्या वर पळते आणि १,७०० ज्यूलच्या आसपास नेते. वेगाच्या यादीत ५.५६ एके-४७ च्या पुष्कळ वर आहे, ऊर्जेच्या यादीत खाली.

म्हणून बरेच कायदे लिहिणारे एफपीएसच्या भानगडीत पडत नाहीत. ब्रिटनने २०१७ च्या कायद्यात एअरसॉफ्टची मर्यादा ठरवली ती ज्यूलमध्ये: ऑटोमॅटिकला १.३, एकेक शॉट मारणाऱ्याला २.५. जपानने २००६ पासून लावलेली मर्यादा तर छेदाच्या क्षेत्रफळावर आहे, दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन ज्यूल. ६ मिलिमीटरच्या बीबीला ती ०.९८९ ज्यूल बसते. या दोन्हींत बीबीचं वजन कुठेच येत नाही. हलकी टाका नाहीतर जड, हिशोब ऊर्जेचा.

आता तुमचा ३४५. ऊर्जा तीच राहिली असती तर ०.३० ग्रॅमच्या बीबीचा वेग ४०० वरून किती व्हायला हवा होता? वजन दीडपट झालं, तर वेग दीडच्या वर्गमुळाने, म्हणजे १.२२५ ने कमी. ४०० भागिले १.२२५, सुमारे ३२७. तुमचा आला ३४५. म्हणजे वेग उतरला खरा, पण उतरायला हवा होता तितका उतरला नाही. ०.३० ग्रॅम आणि ३४५ एफपीएस मिळून १.६६ ज्यूल होतात. बंदूक मवाळ झाली नाही, नऊ-दहा टक्क्यांनी नव्हे, ऊर्जेत चांगली अकरा टक्क्यांनी तापट झाली.

खेळाडू याला ‘ज्यूल क्रीप’ म्हणतात. नाव भुताटकीचं वाटतं, पण त्यात गूढ काही नाही. बीबी बॅरलमध्ये किती वेळ असते ते बघा. ३६ सेंटिमीटरचं बॅरल आणि तोंडाशी १०० मीटर प्रति सेकंद वेग धरला, तर शून्यापासून तिथवर पोचायला सहा-सात मिलिसेकंद लागतात. गॅस गनमध्ये व्हॉल्व्ह उघडतो आणि बीबी बाहेर पडल्यावरही मागून थोडा गॅस येतच असतो. तो नुसता फुस्स करून हवेत जातो. बीबी जड केली की ती हळू हलते, बॅरलमध्ये जास्त वेळ राहते, आणि जो गॅस आधी वाया जात होता तोच आता तिला ढकलत राहतो. टाकीतून हवा घेणाऱ्या एचपीए गनमध्ये हे आणखी ठळक दिसतं, कारण मागे दाबाची कमतरताच नसते. बॅरल जितकं लांब तितका हा परिणाम मोठा.

स्प्रिंगवर चालणाऱ्या गनमध्ये, हाताने ओढायची असो की मोटरवाली, गोष्ट वेगळी. तिथे सिलिंडरमध्ये हवा मोजकीच असते आणि स्प्रिंगमधली ऊर्जा ठरलेली असते. बीबी जड केल्यावर ऊर्जा थोडी वर-खाली होते, पण फार नाही; सिलिंडरचं आकारमान बॅरलच्या मानाने बरंच मोठं असेल तर वाढते, तोकडं असेल तर बीबी तोंडाशी पोचण्याआधीच हवेचा जोर संपतो आणि बॅरलच्या भिंती तिला उलट अडवतात. स्प्रिंगना एम ९०, एम १००, एम १२० अशी नावं असतात ना, तो आकडा म्हणजे ०.२० ग्रॅमच्या बीबीला अपेक्षित मीटर प्रति सेकंद. अपेक्षित म्हणजे अपेक्षितच. तीच एम १०० स्प्रिंग एका गनमध्ये ९४ देते, दुसरीत १०५. पिस्टनची ओ-रिंग, नोझलची गळती, बॅरलचा आतला व्यास या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. बीबी ५.९५ मिमीची, साधं बॅरल ६.०८ चं, घट्ट बॅरल ६.०३ किंवा ६.०१ चं. ही फट शंभराव्या हिश्श्यातली, पण हवा निसटायला तेवढी पुरते.

खऱ्या बंदुकीत तत्त्व तेच, पण सगळं फार झपाट्यात. पावडर जळते, वायू तयार होतो, दाब कळसाला जातो आणि गोळी पुढे सरकेल तसा उतरत जातो. रायफलची गोळी बॅरलमध्ये साधारण एक मिलिसेकंदभर असते. वीस इंचाच्या, म्हणजे अर्ध्या मीटरच्या बॅरलमध्ये शून्यावरून ९४० मीटर प्रति सेकंद गाठायचं तर सरासरी त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या नव्वद हजार पट पडतं. तुमच्या बीबीचं हेच गणित केलं तर ते सुमारे चौदाशे पट येतं, तेही काही कमी नाही.

‘लांब बॅरल म्हणजे जास्त वेग’ हे विधान खरं आहे, पण एका मर्यादेपर्यंत. मागचा दाब गोळीला अडवणाऱ्या घर्षणापेक्षा जास्त आहे तोवरच बॅरलचा प्रत्येक इंच कामाचा. ५.५६ ची गोळी वीस इंची बॅरलमधून ९४० च्या आसपास सुटते, साडेचौदा इंचीतून ८८० ते ९००. तिथे इंच-इंच मोजावा लागतो. पॉइंट टू टू मध्ये पावडरच चिमूटभर असते; सोळा इंचांच्या आसपास तिचं काम आटोपतं आणि त्यापुढचं बॅरल वेग वाढवत नाही, थोडा खातोच. मग टार्गेट रायफलींना लांब बॅरल का असतं? उघड्या साइटमध्ये पुढची आणि मागची खूण एकमेकींपासून लांब ठेवता यावी आणि रायफलचा तोल पुढे जावा म्हणून. वेगासाठी नाही. हे मी नव्या नेमबाजांना दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कोणीतरी लांब बॅरल घेऊन ‘पॉवर’ शोधत बसतोच.

तापमानाचा मुद्दा गॅस गनवाल्यांनी लक्षपूर्वक वाचावा. ग्रीन गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि त्यात थोडं सिलिकॉन तेल. मॅगझिनमध्ये तो द्रवरूपात असतो आणि त्याच्या वरच्या वाफेचा दाब फक्त तापमानावर ठरतो. प्रोपेनचा हा दाब शून्य अंशाला पावणेपाच बारच्या जवळ, वीस अंशाला साडेआठच्या थोडा खाली, तीस अंशाला पावणेअकरा. म्हणजे सकाळच्या गारव्यात क्रोनो पास झालेली गन भर दुपारी नापास होऊ शकते, कोणी तिला हातही न लावता. उलटही होतं: सलग झपाझप शॉट मारले की द्रवाची वाफ होताना मॅगझिन गार पडतं, दाब उतरतो, आणि तिसाव्या शॉटचा वेग पहिल्याच्या जवळपासही नसतो. मॅगझिन हाताला गार लागायला लागलं की समजायचं. खऱ्या काडतुसातली पावडरही ऊन खाल्ली की जोरात जळते. तिथे फरक टक्क्या-दोन टक्क्यांचा असतो, पण तापलेल्या चेंबरमध्ये राउंड भरून नेमबाज दोन मिनिटं नेम धरत बसला तर लांब पल्ल्यावर तो टार्गेटवर दिसतो.

आता मोजणीबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा तक्रारी बंदुकीच्या नसतात, क्रोनोग्राफच्या असतात.

वेग मोजण्याची पहिली भरवशाची युक्ती इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने १७४२ साली मांडली. जड लाकडी ठोकळा टांगायचा, त्यात गोळी मारायची, ठोकळा किती मागे झुलला ते बघायचं. ठोकळ्याचं वजन, गोळीचं वजन आणि झोका माहीत असला की संवेगावरून गोळीचा वेग निघतो. घड्याळ लागतच नाही. त्याने ठोकळा वेगवेगळ्या अंतरांवर टांगला तेव्हा लक्षात आलं की हवा गोळीला तिच्या वजनाच्या कितीतरी पट जोराने मागे खेचते. तोवर बरेच जण हवेचा अडथळा धर्तव्यातच धरत नव्हते. पुढे १८६० च्या दशकात बेल्जियन लष्करी अधिकारी ल बूलाँजे याने विजेवर चालणारं यंत्र केलं: गोळी पहिली तार तोडते, विद्युतचुंबक सुटतो आणि एक लांब कांडी खाली पडू लागते, दुसरी तार तुटली की दुसरी कांडी पडते आणि चाप सुटून पडत्या कांडीवर खूण उमटते. खूण कांडीवर कुठे उमटली, त्यावरून मधला वेळ. पडणारी वस्तू हेच घड्याळ. मला ही कल्पना आजही आजच्या सर्किटांपेक्षा सुंदर वाटते.

आजचा साधा क्रोनोग्राफ म्हणजे ठरलेल्या अंतरावरचे दोन प्रकाशसंवेदक. गोळीची सावली पहिल्यावर पडली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावर पडली की बंद. संवेदक ३० सेंटिमीटर अंतरावर असतील तर ९०० मीटर प्रति सेकंदाची गोळी ते अंतर एक मिलिसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात कापते. घडीचा सांगाडा नीट उघडला गेला नाही आणि अंतर एका मिलिमीटरने चुकलं, की उत्तर ०.३३ टक्क्यांनी चुकलं. गोळी तिरपी गेली तर तिला दोन संवेदकांमध्ये जास्त अंतर कापावं लागतं, आणि वेग खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. पाच अंशांच्या तिरपेपणाला साधारण ०.४ टक्के. ट्यूबलाइटखाली मोजाल तर तिच्या लुकलुकण्याने संवेदक फसतात आणि ज्यांचा अर्थच लागत नाही असे आकडे येतात. बॅटरी उतरली की तेच. खऱ्या रायफलच्या तोंडाजवळ यंत्र ठेवलं तर गोळीच्या आधी वायूचा झोत पहिला संवेदक चाळवतो, म्हणून तिथे तीनेक मीटर अंतर सोडतात.

आणि हो, दुर्बीण लावलेल्या रायफलने क्रोनोग्राफवरून मारताना दुर्बिणीतून वाट मोकळी दिसली म्हणून गोळीची वाट मोकळी असते असं नाही. दुर्बीण बॅरलच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसते. मी पहिला क्रोनोग्राफ घेतल्यावर तिसऱ्याच दिवशी त्याच्या पुढच्या संवेदकाच्या मधोमध गोळी घातली. गट फार सुरेख होता, एका गोळीचा.

तीन मीटरचा हा नियम मात्र एअरसॉफ्टला लावू नका. ही चूक फार होते. बीबी हलकी, गोल, हवेपुढे केविलवाणी. ०.२० ग्रॅमची बीबी १०० मीटर प्रति सेकंदाने सुटताना हवेचा अडथळा तिच्या वजनाच्या जवळजवळ अडतीस पट असतो. हा हिशोब मी अडथळ्याचा गुणांक ०.४५ धरून केला आहे. गोल गोळ्यांना या वेगांत तो चालतो. त्यानुसार पहिल्याच मीटरमध्ये पावणेचार टक्के वेग जातो. तोंडाशी ४०० असलेली गन एक मीटरवर ३८५ दाखवते, तीन मीटरवर जेमतेम ३५७. ५.५६ ची गोळी तेवढ्याच तीन मीटरमध्ये ०.३ टक्क्याच्या आसपास गमावते. तेव्हा एअरसॉफ्टला बॅरलचं तोंड क्रोनोला जवळजवळ टेकवूनच मोजायचं, आणि दोन यंत्रांचे आकडे जुळत नाहीत म्हणून भांडण्याआधी दोन्हीकडे गन किती दूर धरली होती ते विचारायचं. रडारवाले क्रोनोग्राफ बंदुकीशेजारी ठेवता येतात आणि गोळीच्या वाटेतल्या वेगांवरून मागे हिशोब करून तोंडाचा वेग सांगतात. परवडत असतील तर डोकेदुखी कमी. फोनवरची आवाज ऐकणारी अॅप्स शॉटचा आवाज आणि टार्गेटवर आदळण्याचा आवाज यांतला वेळ घेतात. तो मधल्या अंतराचा सरासरी वेग झाला, मझल व्हेलॉसिटी नव्हे.

याच अडथळ्यामुळे जड बीबीचं खरं रूप दूर गेल्यावर दिसतं. समजा दोन गन, दोन्ही बरोबर एक ज्यूलच्या. एकीत ०.२० ग्रॅम, तोंडाशी १०० मीटर प्रति सेकंद. दुसरीत ०.३०, तोंडाशी ८१.६. दहा मीटरवर हलकी अजून पुढे: ६९ विरुद्ध ६४. सोळा मीटरच्या आसपास दोघींचा वेग सारखा होतो. तीस मीटरवर हलकी ३२ वर घसरलेली असते आणि जड ३९ च्या जवळ. तीस मीटर कापायला दोघींना लागलेला वेळ मात्र जवळजवळ सारखा, अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त. पण तिथे आदळताना हलकीत ०.११ ज्यूल उरलेले असतात, जडीत ०.२२. दुप्पट. म्हणजे तोंडाशी सारख्या असलेल्या दोन गन समोरच्याच्या अंगावर सारख्या नसतात. तुमच्या ०.३० च्या १.६६ ज्यूलकडे मार्शलने वाकडी नजर केली त्यामागे हेही आहे.

हॉप-अपने (बॅरलच्या सुरुवातीला बीबीवर वरून टेकणाऱ्या रबराने) बीबीला दिलेली उलटी फिरकी तिला वर उचलून धरते, पण वेग वाचवत नाही. उलट हॉप-अपचा रबर बीबीला पकडून सोडतो म्हणून तो कमी-जास्त केला की मझल व्हेलॉसिटीही हलते. म्हणून खेळताना जसा ठेवणार तसाच ठेवून मोजा.

एक शॉट मारून ‘माझी ४०० आहे’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त आणखी नऊ मारायला लावतो. समजा पॉइंट टू टू चे दहा आकडे आले, मीटर प्रति सेकंदात: ३१८, ३२१, ३१९, ३२२, ३२०, ३१७, ३२१, ३२०, ३१९, ३२३. सरासरी ३२०. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांतला फरक ६, प्रमाण विचलन १.८. मला या तिन्हींत सरासरीचं सगळ्यात कमी कौतुक. सरासरी ३१० असती तरी साइट दोन क्लिक वर नेली की काम झालं. पण फरक ६ च्या जागी २५ असेल तर कुठलीही साइट ते दुरुस्त करू शकत नाही.

किती बिघडतं, तेही मोजता येतं. १० मीटर एअर रायफलचं पेलेट टार्गेटवर पोचायला ०.०६ सेकंद घेतं आणि तेवढ्यात साडेसतरा मिलिमीटर खाली येतं. वेग एक टक्क्याने बदलला की ही उतरण दोन टक्क्यांनी बदलते, म्हणजे ०.३५ मिलिमीटर. त्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका आहे अर्ध्या मिलिमीटरचा. ५० मीटरवर पॉइंट टू टू साधारण साडेबारा सेंटिमीटर उतरते, तिथे एक टक्का म्हणजे अडीच मिलिमीटर, आणि दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. तीन टक्क्यांच्या फरकाने मारणारी गोळी हात कितीही स्थिर ठेवला तरी दहा आणि नऊच्या मध्ये वर-खाली हेलकावे खाणार. म्हणूनच सामन्यासाठीची पॉइंट टू टू काडतुसं मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली, ३२० ते ३३० ला ठेवतात: ध्वनीचा वेग वीस अंशाला ३४३ मीटर प्रति सेकंद असतो आणि गोळी वाटेत वरून खाली त्याला ओलांडू लागली की ती डगमगते. मुद्दाम कमी वेग, जास्त पैसे. नवख्याला हे पचायला वेळ लागतो.

डोळ्यांचं आधी लिहायला हवं होतं, इथे आठवलं. चष्म्याच्या जुन्या युरोपीय मानकात, ईएन १६६ मध्ये, ‘एफ’ ही खूण ६ मिलिमीटरची ०.८६ ग्रॅमची पोलादी गोळी ४५ मीटर प्रति सेकंदाने सोसणाऱ्या काचेला मिळते. ऊर्जा केली तर ०.८७ ज्यूल. तुमची गन मोडकळीला आलेली असली तरी त्याच्या वर मारते. ‘बी’ खूण १२० मीटर प्रति सेकंदाला, म्हणजे ६.२ ज्यूल, एअरसॉफ्टला याखाली उतरू नका, आणि बाजूने मोकळा असलेला चष्मा ‘बी’ लिहिलेला असला तरी नको. काचेच्या कडेला किंवा फ्रेमवर कोरलेलं ते एक अक्षर वाचायला अर्धा मिनिट पुरतो.

आता तुमच्या गनचं काय करायचं. मर्यादा दीड ज्यूलची असेल तर ०.३० ग्रॅमला ती बरोबर १०० मीटर प्रति सेकंदाला, म्हणजे ३२८ एफपीएसला लागते. पण गॅस गनला रेषेवर बसवून ठेवू नका, दुपारी ती रेषा ओलांडेल. गॅसचा प्रवाह कमी करायचा स्क्रू असेल तर तो, नाहीतर कमी दाबाचा गॅस वापरून ३१५ च्या आसपास आणा, १.३८ ज्यूल होतात आणि उन्हाला जागा राहते. हे सगळं खेळायच्याच बीबीने, खेळायच्याच हॉपवर, मॅगझिन सावलीत नव्हे तर खिशात असतं तितकं कोमट असताना.

आणि पुढच्या वेळी क्रोनोवर उभे राहाल तेव्हा यंत्रात बीबीचं वजन किती टाकलंय ते आधी बघा. ज्यूल यंत्र स्वतः मोजत नाही, टाकलेल्या वजनावरून काढतं. ते ०.२० वरच राहिलं असेल तर ३४५ ची तुमची जुनी गन १.११ ज्यूल दाखवून ऐटीत पास होईल, आणि मैदानात शिरून १.६६ ने मारत बसेल.